बळीरामाची बिनदाराची कुपाटी

बळीराम कुपाटीवाल्याची मिशी शाबूत राहिली. शेवटी काय होतं याची ज्यांना फार घाई असते, त्यांच्यासाठी हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आता हे वाक्य वाचलंच नाही असं धरायचं. कारण होळवाडीत आज कुणालाही विचारा, बळीरामाची मिशी कधी धोक्यात आली होती हेच गावाला मान्य नाही. "कसली मिशी? कुणाची?" असं लोक बळीरामाच्या शेजारी बसून विचारतात, आणि बळीरामही मिशीवर बोट फिरवत म्हणतो, "व्हय की ओ, कुणाची?"

तर जे घडलंच नाही, ते असं घडलं.

होळवाडी कर्नाटकातल्या कमलनगर तालुक्यातली, पण बोली मराठी. ओढ्याच्या वरच्या अंगाला कमलबाईंचं दोन एकर काळं रान. तिथं त्यांनी तीन वर्षं हरभरा पेरला आणि तीन वर्षं काळविटांनी खाल्ला. काळवीट म्हणजे सरकारी जनावर. त्याला दगड मारायचीही चोरी. ती यायची, रांगेत उभी राहायची आणि पंगतीला बसल्यासारखी शेंडे खुडून जायची. जाताना एखादं वळून बघायचं. कमलबाईंचं म्हणणं, ते वाढणारीकडं बघितल्यासारखं बघायचं.

नुकसानीचं दुःख होतंच, पण खरं दुःख येळअमावस्येचं होतं. येळअमावस्येला या मुलखात गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्याचं पीक उभं, त्यानं कडब्याची खोपी, म्हणजे कोप, करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, आंबिलीनं भरलेलं मडकं, बिंदगं, डोक्यावर घेऊन यायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवायचं. ज्याचं पीक जनावरांनी खाल्लं, त्यानं दुसऱ्याच्या रानात जेवायचं. कमलबाई सलग तीन येळअमावस्या दुसऱ्याच्या रानात जेवल्या होत्या. सणाची मिसळ भाजी, भज्जी, चांगली होती. तरी घास फिरायचा. यंदा त्यांनी ठरवलं, पाहुणे आपल्या रानात जेवतील. सगळ्या गल्लीला आवतण देऊन झालं आणि मग त्यांनी बळीरामाला बोलावलं.

बळीराम बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण, म्हणजे कुपाटी, विणायचा. विणायचा हाच शब्द. बाकीचे काट्या टाकतात. त्याच्या हातात कोयता, काट्या दाबायचं बेळकं आणि कमरेला घायपाताच्या वाखाची जुडी, एवढंच सामान. काटीचा बुडखा आत, शेंडा बाहेर. एक बाभळीची, एक बोरीची. असं का, म्हणून विचारलं तर तो सांगायचा, "बाभळीचा काटा सरळ, बोरीचा वाकडा. एक येऊ देत न्हाई, दुसरा जाऊ देत न्हाई." आणि तो कायम आतून विणायचा, बाहेर तोंड करून. त्याच्या बापानं शिकवलं होतं की ज्याला अडवायचं त्याच्याकडं पाठ करून काम करू नये.

त्याची मिशी त्याच्या कुपाटीसारखीच होती. दाट, दोन्ही टोकांना बाहेर वळलेली आणि आत काही शिरू शकत नाही अशी. हे साम्य त्यालाही माहीत असावं, कारण प्रत्येक कामाच्या आधी तो मिशीवर हात ठेवून बोलायचा, "माझ्या कुपाटीतनं, वरनं नाही तर खालनं, एक जीव जरी गेला, तरी ही उतरवीन." एकोणतीस वर्षं ती उतरली नव्हती. पाखरांचं कुणी काढलं तर तो म्हणायचा, "पाखराची गोष्ट येगळी. त्येंच्या रानाची पहाणी, उतारा, आभाळात असती." मुंग्यांचं काढलं तर, "त्या आधीपासून आतच हायत."

दाराची त्याची एक रीत होती. दार कुठं ठेवायचं हे तो कधी ठरवत नसे. तो मान घरधनिणीचा. शेवटच्या दिवशी तिनं दार हवं त्या जागी उभं राहायचं. बळीराम खाली मान घालून विणत विणत येणार. काट्यांपलीकडं बाईचे पाय दिसले की थांबणार आणि विचारणार, "दार कुठं?" ती म्हणणार, "इथं." मग तेवढी जागा सोडून तो कवाड बसवणार आणि नारळ फुटणार. पाय दिसेपर्यंत विणत राहायचं, एवढाच नियम.

मंगळवारी सकाळी कमलबाई दाराच्या जागी उभ्या राहिल्या. बळीरामाचं विणायचं दहा-बारा पावलांचं अंतर राहिलं होतं. त्यांच्या हातात नारळ होता. तेवढ्यात ओढ्याकडून एक सरडा पळत आला आणि कुपाटीपाशी थबकला. त्यानं मान वर केली, खाली केली. डावीकडं चार हात पळाला, तिथं भोक शोधलं, पुन्हा पुढं पळाला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, हे कमलबाईंनी शाळेत असताना पाठ केलं होतं. प्रत्यक्ष बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. सरडा काय करतो ते बघायला त्या चार पावलं त्याच्यामागं गेल्या.

सरडा हरला आणि निघून गेला. कमलबाई मात्र कुपाटीसमोर उभ्या राहिल्या. दहा दिवस त्या स्वयंपाक, धुणं आणि बळीरामाचा चहा यात होत्या. कुपाटी नीट बघितलीच नव्हती. आता बघितली. काट्या अशा बसल्या होत्या की बोट घालायचं म्हटलं तरी आधी विचार करावा लागेल. कुठं उंच नाही, कुठं सखल नाही. ओढ्याच्या उतारावर तर ती जमिनीबरोबर अशी वळत गेली होती, जशी नऊवारीची किनार पायाबरोबर वळते. सकाळच्या उन्हात बाभळीचे पांढरे काटे चमकत होते. "अगं बाई," कमलबाई म्हणाल्या, आणि चालू लागल्या. एक कोपरा झाला. दुसरा झाला. भगवानरावांशी लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला एवढं निरखून बघितलं नव्हतं.

थांबत थांबत पूर्ण फेरा मारून त्या दुपारी परत आल्या, तेव्हा दाराची जागा सापडेना. त्यांना वाटलं, आणखी पुढं असेल. त्या पुढं गेल्या. मग वाटलं, मागं राहिली. मागं गेल्या. शेवटी काट्यांच्या पलीकडून आवाज आला.

"अक्का?"

"काय, बळीरामअण्णा?"

"तुमी कुठं हाव?"

"मी हितं, भायेर. तुमी?"

आत कोयता खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बळीराम म्हणाला, "मी आत हाव."

तासाभरात सगळं गाव कुपाटीभोवती जमलं. कमलबाईंचे यजमान भगवानराव कुऱ्हाड घेऊन आले, कुपाटी बघितली आणि कुऱ्हाड खाली ठेवली. म्हणाले, "तोडू वाटत न्हाई ओ." आणखी दोघांनी कोयते आणले होते, त्यांनीही ते पाठीमागं लपवले.

बळीरामाची बायको शोभाबाई आली आणि कमरेवर हात ठेवून काट्यांशी बोलू लागली. "अवं, ऐकायलाव का? आपल्या अंगणाला एक काटी न्हाई. गावच्या शेळ्या माझी तुळस खाऊन तिथंच बैठक घ्यायल्यात. अन् तुमी दुसऱ्याच्या कुपाटीत ऱ्हायला गेलाव?"

"शोभे, गप बस."

"निघा भायेर."

"कसं निघू? मी जीव हाय का न्हाई?"

"बायकोला इचारायलाव व्हय?"

"मी भायेर आलो तर माझ्या कुपाटीतनं जीव गेला. मग मिशी?"

शोभाबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. लग्नात तिनं आधी मिशीच बघितली होती.

"पण दार ऱ्हायलं कसं?" कुणीतरी विचारलं. कमलबाईंच्या हातातला नारळ एकदम जड झाला. तोंड उघडावं असं त्यांना फार वाटलं. पण शेजारच्या सहा बाया होत्या, आणि 'सरड्यामागं गेले' हे सहा बायांपुढं सांगायचं म्हणजे मेल्यावरही तेच नाव पडणार. त्यांनी नारळ पदराखाली घेतला.

काट्यांपलीकडून बळीराम म्हणाला, "माझंच ध्यान न्हवतं."

हे ऐकून कमलबाईंना जे वाटलं, ते तीन वर्षांत काळविटांनीही वाटायला लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून मल्लिकार्जुन आला. त्याचं कमलनगरात तारेच्या जाळीचं दुकान. गेली सात वर्षं तो होळवाडीत जाळी विकायला यायचा, आणि लोक चहा पाजून त्याला बळीरामाचं काम दाखवायचे. त्यानं मोबाईल काढून कुपाटीचा फेरा मारला आणि खुशीत येऊन म्हणाला, "बळीराम अण्णा, आमच्या कन्नडात म्हणतात, बेलीच उठून रान चरली. तुमच्यातबी हाय न्हवं? कुंपणच शेत खातं. आता हरभरा तू एकटाच खाणार बघ."

बळीरामाला तीच एक म्हण लागायची. त्याच्या मते कुंपणानं शेत खाल्ल्याचं आजवर कुणी बघितलं नव्हतं, आणि खाल्लं असेलच तर ते कुणातरी अडाण्यानं विणलेलं असणार. कन्नडात तर कुंपण उठून उभं राहतं, म्हणजे त्याचं बूडच पक्कं नव्हतं. तो आतून ओरडला, "मल्लिकार्जुना, ह्या रानातला एक घाटा जरी तोंडात घातला, तर मिशीसंगं जीभबी उतरवीन."

आणि त्यानं तो शब्द पाळला, हे कमलबाईंनी काट्यांच्या फटीतून डोळ्यांनी बघितलं. फट शोधायला त्यांना अर्धा तास लागला, ती गोष्ट वेगळी. आत हरभरा घाट्यांनी लगडला होता. बळीराम त्यात बसून खुरपणी करत होता. एखादी डहाळी मोडली तर तीही तो उचलून बांधावर ठेवी. आत बोअर होती, पाण्याची अडचण नव्हती. जेवण वरून फेकावं लागायचं. भाकरीला जीव नसतो, यावर गावाचं एकमत झालं होतं. शोभाबाई धडप्यात भाकरी बांधून फेकायची आणि फेकताना सांगायची, "झेला! उद्या मुद्दाम काट्यावर टाकीन." बळीराम नेहमी एकाच जागी बसलेला असायचा, आग्नेय कोपऱ्यापासून जरा अलीकडं, कुपाटीला पाठ लावून. शोभाबाईचा नेम त्या जागेवर बसला होता.

रोज दुपारी शाळा सुटल्यावर गिरिधर सर यायचे. गावाचे सगळे अर्ज तेच लिहायचे, कन्नडात एक आणि मराठीत एक. त्यांनी कुपाटीपुढं उभं राहून जमलेल्यांना सांगितलं, "साहित्यात कुंपण हे बंधनाचं प्रतीक असतं. माणूस आपणच उभारलेल्या भिंतीत कैद होतो."

"सर," आतून बळीराम म्हणाला, "भिंत न्हाई, कुपाटी हाय. भिंतीतनं वारं येत न्हाई. हितं वारं येतंय, ऊन येतंय, तुमचं भाषणबी येतंय. फकस्त जनावर येत न्हाई. ह्याला बंधन कामून म्हणायलाव?"

गिरिधर सरांनी खिशातून वही काढून हे लिहून घेतलं.

गुरुवारी आंबिलीचा प्रश्न निघाला. शनिवारी अमावस्या. आंबील नाही तर येळअमावस्या कसली? भगवानरावांनी कडब्याच्या पेंढ्या आत फेकल्या होत्या, बळीरामानं त्यांची देखणी कोप केली होती. पाच दगड चुन्यानं रंगवून पांडवही मांडले होते. थोडक्यात, कमलबाईंच्या रानात सणाची सगळी तयारी झाली होती. फक्त कमलबाई, पाहुणे आणि आंबील बाहेर होती. शोभाबाई म्हणाली, डब्यात घालून फेकू. पण बळीरामाला शंका आली. "सर, आंबील आंबती म्हणजे काय व्हतंय?"

"सूक्ष्मजीवांमुळं आंबते."

"जीव म्हणलाव न्हवं?"

"सूक्ष्म."

"सूक्ष्म असला तरी जीवच. न्हाई चालत. फेकू नका."

शोभाबाईनं सरांकडं असं बघितलं की सरांनी त्या दिवशी घरी जायला ओढ्याची वाट धरली.

शुक्रवारी मल्लिकार्जुनानं कागदात गुंडाळून एक नवं कोरं पातं पाठवलं. बरोबर निरोप होता: दाढीचं न्हाई, मिशीचं हाय, अण्णाला द्या. उद्या मी कॅमेरा घेऊन येणार. कमलबाईंनी ते पातं पदराला बांधलं. रात्रीच्या नव्हे, भर दुपारच्या झोपेत त्यांना सरडा दिसला. तो त्यांच्याकडं बघून मान हलवत होता.

शनिवारी सकाळी गल्ली निघाली. बायांच्या डोक्यावर बिंदगी, हातात भज्जीचे डबे, उंडे, खीर. आवतण होतं म्हणून सगळे कमलबाईंच्या रानाशी आले आणि कुपाटीबाहेर उभे राहिले. मल्लिकार्जुन आधीच येऊन बाभळीखाली बसला होता. आतून कोपीचा शेंडा दिसत होता. काही बाया आपापसात म्हणाल्या, चला, औरादच्या वाटेवर मामांचं रान हाय, तिथं बसू. तीन वर्षांत कमलबाईंनी हे वाक्य खूप ऐकलं होतं. त्यांनी डोक्यावरचं बिंदगं उतरवून जमिनीवर ठेवलं.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "बळीरामअण्णाची न्हाई. मी दाराच्या जागी उभी ऱ्हायले न्हाई."

"मग कुठं गेली व्हतीस?" भगवानराव म्हणाले. त्यांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

"सरड्यामागं," कमलबाई म्हणाल्या. सहा बायांनी श्वास आत घेतला. "आधी सरड्यामागं. मग कुपाटी बघत फिरले. एवढं चांगलं काम माझ्या रानाला कुणी केलंच न्हवतं. बघत ऱ्हायले. पाय दिसले न्हाईत म्हणून अण्णा विणत गेले. त्येंनी रीत पाळली, मी मोडली. अन् मोडून चार दिस गप बसले."

कुणी हसलं नाही. म्हणजे हसायचं होतं, पण कमलबाईंचं तोंड बघून ते सगळ्यांनी पुढच्या आठवड्यावर ढकललं.

"आता हे सांगा," कमलबाई काट्यांकडं वळल्या. "अण्णा, तुमी 'दार कुठं' म्हणून इचारलाव का?"

"न्हाई. कुणाला इचारू?"

"इचारलं न्हाई तर काम पुरं झालं का?"

आत मिशीवरचं बोट थांबलं. बळीराम असा विचार कधी करत नसे; त्याचे सगळे विचार बापानं आधीच करून ठेवले होते. मग तो सावकाश म्हणाला, "न्हाई. इचारल्याबिगर पुरं होत न्हाई."

"काम पुरं न्हाई, म्हणजे ही अजून कुपाटी न्हाई. नुसत्या काट्या हायत. काट्यांतनं माणूस आला-गेला तर मिशीचा काय संबंध?"

गिरिधर सरांच्या तोंडून "वा!" निघून गेलं. मल्लिकार्जुन उठून उभा राहिला.

"अक्का," आतून आवाज आला, आणि तो जरा चिरकला होता. "दार कुठं?"

आता फक्त 'इथं' म्हणायचं होतं. कमलबाई एका जागी उभ्या राहिल्या, समोर बघितलं आणि पुढं गेल्या. इथली वीण मोडायची? इथं तर बोरीची काटी कशी वळून बसलीय. पुढं उभ्या राहिल्या. इथं ओढ्याचं वळण. हे तर मुळीच नाही. सगळी गल्ली बिंदगी घेऊन त्यांच्यामागून कुपाटीचा फेरा मारू लागली. देवळाला मारतात तसा. "एकांदी खराब जागा सांगा की, अण्णा," त्या काकुळतीनं म्हणाल्या.

"खराब?" आतून दुखावलेला आवाज आला. "माझ्या कामात?"

आग्नेय कोपऱ्याअलीकडं पोचल्यावर मात्र कमलबाई थांबल्या. इथल्या काट्यांवर भाकरीचे तुकडे अडकलेले होते. चार दिवस बळीराम इथंच पाठ लावून बसला होता. रानभर जागा असताना इथंच. त्यांनी पाय जुळवले आणि म्हणाल्या, "इथं."

आतून वाखाची एक गाठ सुटल्याचा आवाज आला. एकच. आणि पुरुषभर रुंदीचा कुपाटीचा तुकडा, एक काटाही न मोडता, दारासारखा आत वळला. पलीकडं बळीराम उभा होता. चार दिवसांची दाढी, आणि वर मिशी.

"सुरुवातीची काटी कवाबी गच्च बांधायची न्हाई," तो म्हणाला. "बापानं सांगितलंय."

कमलबाई त्या गाठीकडं बघत राहिल्या. "ही मंगळवारपासून अशीच हाय?"

"मंगळवारपासून."

"मग एक गाठ सोडून आला का न्हाईत?"

"दार कुठं ते घरधनीण सांगती, अक्का. मी फकस्त इचारतो."

 कमलबाईंनी पदराची गाठ सोडून मल्लिकार्जुनाचं पातं काढलं आणि त्या पात्यानं नारळाची शेंडी साफ केली. मग नारळ फोडला आणि बळीरामाला बाहेर न आणता आधी सगळ्या गल्लीला आत नेलं. ओलगेऽ ओलगेऽ अशी सणाची हाळी देत भगवानरावांनी रानभर आंबील शिंपडली. पंगत बसली. शोभाबाईनं नवऱ्यापुढं हरभऱ्याची हिरवी डहाळी ठेवली. कमलबाई म्हणाल्या, "आता खावा, मी दिलंय," तेव्हा कुठं त्यानं पहिला घाटा सोलला. मल्लिकार्जुनाला दोघांनी हात धरून बसवलं. त्यानं भज्जी तीनदा घेतली, आणि हात धुऊन कुपाटीच्या गाठीवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. जाताना म्हणाला, "काम झकास हाय, अण्णा. पर माझ्याजवळ व्हिडिओ हाय. माणूस आत व्हता अन् दार न्हवतं."

व्हिडिओ दाखवून तो मिशी मागणार, म्हणून त्याच दिवशी, कोपीच्या सावलीत, गावानं ठरवलं की यातलं काही घडलं नाही. दार मंगळवारपासूनच होतं. बळीराम आपखुशीनं खुरपायला आत राहिला होता. सरडा कुणी बघितला नाही. आणि गिरिधर सरांनी जेवल्या हातानं वही उघडून अर्ज लिहिला, कन्नडात एक आणि मराठीत एक. मराठीतला असा:

"मा. तहसीलदार साहेब यांच्या सेवेशी. विषय: कुपाटीस मागील तारखेने दार मंजूर करणेबाबत. महोदय, मौजे होळवाडी येथील सौ. कमलबाई भगवानराव यांच्या हरभऱ्याच्या रानास श्री. बळीराम यांनी कुपाटी विणली असून ती आम्ही सर्वांनी फेरा मारून पाहिली आहे. सदर कुपाटीस मंगळवारपासूनच दार होते असे धरून त्या तारखेने दार मंजूर व्हावे. सदर दाराची जागा शोधणाऱ्या सरड्यांकडून कोणतीही तक्रार आलेली नाही. तसेच सदर इसम चार दिवस घाट्यांनी लगडलेल्या रानात नुसत्या भाकरीवर राहूनही त्याने एकही घाटा खाल्ला नाही, याचा पंचनामा सोबत जोडला आहे. करिता 'कुंपणच शेत खाते' ही म्हण कमलनगर तालुक्याच्या हद्दीत मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत तात्काळ रद्द करण्यात यावी, व तसे सर्व शाळांना लेखी कळवावे, ही नम्र विनंती."